चाकात न मावलेली घागर

एका गावात एक डोण, म्हणजे गुरांना पाणी प्यायची दगडी कुंडी, होती. ती गावात होती हीच खरी अडचण होती. तिला असायला हवं होतं वर, पठारावर, आणि ती बसली होती खाली, देवळासमोरच्या पाराशेजारी.

गावाचं नाव वाकीवठार. डोंगराच्या पोटाशी वसलेलं, मोजक्या उंबऱ्यांचं. माती तांबडी आणि माणसं हट्टी. उन्हाळ्यात गावाची गुरं पठारावर चरायला जात. तिथं वाळलेलं का होईना गवत असायचं, पण पाणी नसायचं. कपारीतून करंगळीएवढी एक धार यायची आणि खालच्या भेगेत लगेच नाहीशी व्हायची. अशा धारेला गुरांनी तोंड कसं लावावं? म्हणून भर दुपारी तहानेली जनावरं खाली ओढ्यावर उतरायची आणि पाणी पिऊन पुन्हा चढायची. मागच्या चैत्रात एक गाभण गाय त्या उतारावरून घसरली आणि गेली. त्या दिवशी गावात कुणाच्याच चुलीवर चहा चढला नाही.

मग गावानं ठरवलं, त्या धारेखाली दगडाची डोण ठेवायची. रात्रभर धार डोणीत पडेल, दिवसभर गुरं वरच्या वर पितील. पठारावरचा दगड जांभा, भोकाभोकांचा. त्यात पाणी ठरत नाही. म्हणून ओढ्याकाठचा काळा दगड निवडला आणि येसबा पाथरवटानं त्याच्यातून एकसंध डोण कोरली. हिवाळाभर त्याच्या छिन्नीचा आवाज गावाच्या कानात होता. डोण झाली ती अशी, की कडेनं चालणाऱ्या बैलांची ओळ, प्रत्येक बैलाचं वशिंड वेगळं. एवढी देखणी डोण पंचक्रोशीत नाही, असं वाकीवठारची माणसं पाहुण्याला सांगायची. पाहुण्यानं विचारलेलं नसलं तरी सांगायची.

आता ती वर न्यायची कशी? गावात ट्रॅक्टर एकच होता, आणि तो गोदाक्काचा होता.

गोदाक्काचा नवरा पलटणीत होता. शेत ती बघायची, ट्रॅक्टरही तीच चालवायची. चावी तिनं काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेली असायची, मंगळसूत्राच्या शेजारी. सुरुवातीला गावात कुजबूज झाली होती. बाईमाणूस नांगरट करणार, मग बाप्यांनी काय भाकऱ्या थापायच्या का, असं कुणीतरी पारावर म्हणालं. तेव्हा सरनोबत आप्पा म्हणाले होते, "स्टेरिंगला कळतं का कुणाचा हात हाय त्ये? सरी सरळ येतीया न्हवं? मग झालं." आप्पा गावातले सगळ्यात वयस्कर मानकरी. त्यांच्या शब्दानंतर पारावर पुन्हा तो विषय निघाला नाही. गोदाक्का ही गोष्ट विसरली नव्हती.

तर गोदाक्कानं डोण ट्रॉलीत घेतली आणि ट्रॅक्टर डोंगराला लावला. निम्म्या वाटेवर एक वळण होतं. तिथं कातळातून बारमाही पाझर यायचा आणि तांबडी माती कायम ओली, साबणासारखी. त्या वळणावर ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरली. चिखल उडाला, धूर निघाला, पण ट्रॅक्टर हलला नाही. शेवटी चाकांमागं दगड लावत लावत, जीव मुठीत धरून सगळं मागं घ्यावं लागलं. दुसऱ्यांदाही तेच झालं आणि तिसऱ्यांदाही तेच. शेजारच्या गावची माणसं हसायला लागली. "डोण झकास हाय," ती म्हणायची, "आता पठारच तेवढं खाली आणा."

हे बोलणं गोदाक्काला झोंबलं. उन्हाचा तडाखा रोज वाढत होता. गुरं अजून त्याच उतारावरून चढत-उतरत होती. आणि डोण मी वर नेते, असा शब्द तिनं चारचौघांत दिलेला होता.

ती पारावर गेली आणि म्हणाली, "इंजिनात ताकद हाय. वजन कमी पडतंय. चाक मातीवर दाबून बसत न्हाई म्हणून घसरतंय. मागच्या दोन्ही चाकांत पाणी भरते, मग बघा."

चाकात हवा भरतात हे सगळ्यांना माहीत होतं. पाणी भरतात हे काहींनी ऐकलं होतं. पण आपल्या गावात, घरच्या अंगणात ते होणार म्हटल्यावर सगळे सरसावून बसले. आणि तिथंच गावाची रीत मध्ये आली.

वाकीवठारची रीत अशी, की गावाचं कुठलंही नवं काम निघालं की घरटी एक घागर पाणी. देवळाचा पाया भरला तेव्हा चुन्यात घरटी घागर पडली होती. शाळेची भिंत उभी राहिली तेव्हाही पडली होती. घागर ओतताना आपल्या घराचं नाव घ्यायचं आणि बाजूला व्हायचं. पहिली घागर कुणाचीही चालेल, पण शेवटची सरनोबतांची. शेवटच्या घागरीनं काम पुरं होतं, म्हणून तिचा मान मोठा. आता ज्या चाकांवर गावाची डोण वर चढणार, त्यांत गावाचं पाणी नको का?

गोदाक्काच्या विहिरीवर मोटार होती. तासाभरात दोन्ही चाकं भरून झाली असती. पण गावाचा उत्साह बघून तिचाही ऊर भरून आला. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आणा की. अख्ख्या गावाचं पाणी मावतंय माझ्या चाकांत."

इथं ती जरा जास्त बोलली. तिनं मनाशी हिशेब केला होता तो रोजच्या घागरींचा. पण वाकीवठारची माणसं चारचौघांत रोजची घागर काढतील, तर ती वाकीवठारची कसली? दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या अंगणासमोर रांग लागली. प्रत्येक घरानं माळ्यावरचं सगळ्यात मोठं भांडं उतरवलं होतं. लग्नातल्या घागरी आल्या, चिंचेनं घासून लख्ख केलेले हंडे आले. एका घरचा हंडा तर दोन माणसांनी काठीला अडकवून आणला होता. रांगेच्या शेवटी सरनोबत आप्पा उभे होते. धुवट सदरा, डोक्याला फेटा आणि खांद्यावर तांब्याची जुनी घागर. त्यांची घागर मात्र लहानशीच होती. मानाच्या घराला आकार दाखवावा लागत नाही.

गोदाक्कानं ट्रॅक्टरचा मागचा भाग जॅकवर उचलून खाली जाड ओंडके सारले होते. तिनं डावं चाक हातानं फिरवून त्याचा व्हॉल्व, म्हणजे हवा भरायचं तोंड, अगदी वर आणलं. आतली पिन काढली तशी हवा सुसाटत बाहेर आली आणि पुढं वाकून बघणारे दोघे-तिघे मागच्यांच्या पायांवर पडले. गोठ्याच्या स्लॅबवर तिच्या धाकट्या दिरानं, महिपतीनं, पिंप ठेवलं होतं. पिंपाला नळी, नळीचं टोक व्हॉल्वला. शिडीनं वर चढायचं, घराचं नाव घ्यायचं, पिंपात घागर ओतायची. पाणी आपल्याच भारानं नळीतून चाकात उतरायचं. अधूनमधून गोदाक्का नळी काढायची. आत कोंडलेली हवा फुस्स करून बाहेर पडायची, मग पुन्हा नळी लावायची. काम सोपं होतं, फक्त घाईचं नव्हतं.

रांगेतल्या एकीनं विचारलं, "अक्का, भरलं ह्ये कळतं कसं?"

"व्हॉल्व वर हाय न्हवं? पाणी तिथवर आलं की नळी काढल्यावर हवा येत न्हाई, पाणी येतं. तिथं थांबायचं. चाकाचे चार वाटे धर. तीन पाण्याचे, एक हवेचा."

"मग त्यो चौथा वाटा रिकामा का ठेवायचा?"

"रिकामा न्हाई गं. दगड आला की चाकाला दबायला जागा लागती. ती जागा हवेची. हवाच न्हाई ठेवली तर चाक ओंडक्यावाणी ताठ हुईल, आन पहिल्या दगडावर फुटंल."

वरच्या आळीच्या घागरींनी डावं चाक भरलं. गोदाक्कानं पिन लावली, पंपानं हवा दिली आणि ती उजव्या चाकाकडं वळली. खालच्या आळीची रांग सुरू झाली. भांडी मोठी होती आणि पाणी भराभर उतरत होतं. एकेक नाव घेतलं जात होतं आणि गोदाक्काला आतून फार बरं वाटत होतं. माझ्या अंगणात आज अख्खं गाव आहे, असं ती मनाशी म्हणत होती. शेवटून दुसरी घागर सखू गुरविणीची होती. ती ओतून सखू खाली उतरली. पिंप रिकामं झालं. गोदाक्कानं सवयीनं नळी काढली.

हवा आली नाही. पाण्याची पिचकारी उडाली आणि थेट तिच्या कपाळावर बसली.

रांगेतली माणसं हसली. गोदाक्का हसली नाही. तिनं मान वळवली, तेव्हा सरनोबत आप्पांनी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवलेला होता.

महिपतीच्या लक्षात सगळं आलं. तो चाकाआड वाकून हळूच म्हणाला, "वहिनी, मोटारीचा पाइप लावतो. जोरानं रेटलं तर एवढीशी घागर सहज आत जाईल. कुणाला कळतंय?"

"चाकाला कळतंय."

"मग आप्पांना ओतू द्या पिंपात. राहू दे पाणी पिंपातच. ते गेले की गोठ्यात सोडून देऊ."

यावर गोदाक्का थांबली. खरं सांगायचं तर तिला मोह पडला. आप्पांचा मान राहिला असता, चाकही राहिलं असतं, आणि गोठ्यातल्या म्हशीनं काही कुणाला सांगितलं नसतं. अशी सोय आपण सगळेच करतो आणि तिला शहाणपण म्हणतो. पण तिला तो पारावरचा दिवस आठवला. त्या दिवशी हा माणूस सगळ्यांसमोर तिच्यासाठी खरं बोलला होता. त्याच माणसाला शिडी चढायला लावायची, घराचं नाव घ्यायला लावायचं, आणि त्याचं पाणी म्हशीखाली सोडायचं?

"न्हाई," ती म्हणाली.

महिपतीनं शेवटचा उपाय काढला. "मग चाकातनं एक घागर काढू, आणि त्या जागी आप्पांची घालू."

"कुणाची काढू?"

महिपतीनं रांगेकडं पाहिलं. सखू गुरवीण पदरानं हात पुसत उभी होती. तिच्या बाजूला तिचा हंडा उन्हात चमकत होता. महिपतीनं काढलेली नळी गुंडाळून ठेवली.

गोदाक्का चाकाआडून बाहेर आली. कपाळावरचं पाणी तिनं पुसलं नव्हतं. ती आप्पांसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आप्पा, चाक भरलं. तुमच्या घागरीला जागा न्हाई. सगळ्यांचं मावंल असं मी म्हटलं हुतं, ते माझं चुकलं. पर आता थेंबभर पाणी आत घालणार न्हाई."

आप्पांनी शिडीवरचा पाय खाली घेतला.

"गोदे, आमच्या घराची घागर आजवर कधी मागं फिरली न्हाई."

"ठावं हाय, आप्पा."

"तरी?"

"तरी."

आप्पांनी घागर सावरली, पाठ फिरवली आणि ते चालू लागले. घागरीतला थेंबही सांडला नाही. त्यांची पाठ ताठ होती, आणि इकडं गोदाक्काचीही.

गावाची आणखी एक रीत होती. गावकामासाठी भरून बाहेर काढलेली घागर पुन्हा घरात न्यायची नाही आणि मातीत ओतायची नाही. म्हणून आप्पांनी ती आपल्या दारातल्या कट्ट्यावर ठेवली आणि वर पळसाचं पान झाकलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दिसत होती. मग काय, जितकी तोंडं तितकी मतं. कुणी म्हणे, बाईनं गर्वानं म्हाताऱ्याचा पाणउतारा केला. कुणी म्हणे, घागरभर पाण्यानं काय चाक फुटणार होतं? ज्यांची घागर आत गेली होती तेच जास्त बोलत होते.

त्यात एक काळजीही होती. पठाराची वाट सरनोबतांच्या रानातून जायची. रानाच्या तोंडाशी बांबूची ताटी होती. आप्पांनी ती लावून घेतली, की ट्रॅक्टर वर जाणार तो कुठून?

महिपती संध्याकाळी म्हणाला, "वहिनी, जा आणि माफी मागून या. तेवढ्यानं काय जातंय?"

"माफी चुकीची मागतात. माझी चूक अंदाजाची हुती. ती मी सगळ्यांसमोर सांगितली. न्हाई म्हटलं ती चूक न्हवं." एवढं बोलून ती भाकरी थापायला बसली. पण त्या दिवशी तिच्या भाकऱ्या कधी नव्हे त्या करपल्या. आप्पा दुखावले याचं तिला वाईट वाटत होतं आणि ते तिनं स्वतःपासून लपवलं नाही. वाईट वाटत असतानाही आपलं बरोबर असू शकतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं ट्रॅक्टर काढला. पुढच्या बाजूला लोखंडी वजनं लावलेली होती, म्हणजे चढावर तोंड उचलायला नको. ट्रॉलीत पेंढ्याच्या गादीवर डोण होती. मागं गाव चालत होतं. सरनोबतांचा कट्टा आला. कट्ट्यावर घागर नव्हती. आप्पाही नव्हते. पुढच्या वळणावर रान लागलं आणि सगळ्यांनी माना उंचावल्या.

ताटी उघडी होती. नुसती उघडी नव्हती, वाऱ्यानं लागू नये म्हणून करंजाच्या झाडाला दोरीनं बांधून ठेवलेली होती. गोदाक्कानं ती गाठ पाहिली. तिनं पहिला गिअर टाकला.

चढ सुरू झाला. पाझराचं वळण जवळ आलं. मागं चालणाऱ्या दोघांनी आपोआप हातात दगड घेतले, चाकामागं लावायला. पुढची चाकं ओल्या मातीवरून गेली. मग मागची आली. इंजिनाचा आवाज जड झाला. डावं चाक किंचित सरकलं. पण गोदाक्कानं रेस वाढवली नाही, पाय होता तिथंच ठेवला. चाक मातीत दाबून बसलं. नक्षीचा एकेक दात मातीत रुतत गेला, आणि वरची आळी आणि खालची आळी, सगळ्या गावाचं पाणी दोन्ही बाजूंनी जमीन धरून हळूहळू वर सरकायला लागलं. दगड हातात धरलेली माणसं दगड हातातच विसरली.

वळण संपलं, पण पुढं कातळाची पायरी होती. गुडघाभर नसेल, पण धारदार कडेची. उजवं चाक पायरीला भिडलं. गोदाक्कानं मान वळवून खाली पाहिलं. चाक कडेवर दबलं, पोटाला फुगलं, कातळाला मिठी मारल्यासारखं झालं, आणि मग उठून पलीकडं उतरलं. तो सगळा दाब तिला बसल्या जागी कळला. चौथ्या वाट्यातली हवा आपलं काम करत होती. एक घागर आत जास्त असती तर काय झालं असतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिला स्वतःचा अभिमान वाटला आणि तिनं तो लपवला नाही. तिनं हॉर्न वाजवला. पठारावरची गुरं दचकली.

वर पोचल्यावर माणसांनी पहारी लावून, ओंडक्यांवरून ढकलत डोण खाली घेतली आणि कपारीच्या धारेसमोर आणली. आता फक्त हातभर पुढं सारायची, की धार डोणीत पडणार होती. तेवढ्यात येसबा पाथरवटानं हात आडवा घातला.

"थांबा. कोऱ्या दगडात झऱ्याचं पाणी घेत न्हाईत. आधी घरचं पाणी पडाय पायजे. पाणी पाण्याला बोलावतं."

आता ही रीतही सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळेच ती विसरले होते. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. सगळ्यांच्या घागरी चाकांत गेलेल्या. आज एवढी माणसं वर आली होती आणि एकाच्याही हातात पाणी नव्हतं. जे होतं ते वाटेत पिऊन संपलेलं.

महिपती म्हणाला, "चाकातलंच काढा की. तेही घरचंच हाय."

"चाकात गेलेलं पाणी रबराचं झालं," गोदाक्का म्हणाली. "ते जनावराच्या तोंडात जाणार न्हाई. आन उतरताना मला त्याच वजनाचा आधार हाय."

दुसऱ्या दिवशीही ती नाहीच म्हणत होती, आणि या खेपेला कुणी कुजबुजलं नाही. पण डोण तशीच कोरडी होती आणि धार बाजूला वाया जात होती. खाली जाऊन पाणी आणायचं तर दुपार टळली असती. गुरं जवळ येऊन उभी राहिली होती. त्यांना पाण्याचा वास लागला होता.

तेव्हा वाटेच्या तोंडाशी एक फेटा दिसला.

सरनोबत आप्पा चढून येत होते. सदरा घामानं अंगाला चिकटला होता. खांद्यावर तांब्याची घागर होती आणि तिच्यावर पळसाचं पान तसंच होतं. माणसं बाजूला झाली. आप्पा डोणीपाशी आले, घागर कडेवर टेकवली आणि दम खाल्ला.

"गोदे," ते म्हणाले, "खोटं कशाला बोलू? ट्रॅक्टर घसरला असता तर रीत मोडून ही घागर तुझ्या चाकापुढं ओतायची आन तुला हिणवायचं, असं ठरवून निघालो हुतो."

आप्पांनी फेट्याच्या शेवानं घाम टिपला.

"तुमच्या मागनं जरा अंतरानं चालत हुतो. कातळाच्या पायरीवर तुझं चाक बघितलं. दबलं, फुगलं आन उठलं. माझ्या घागरीला तिथं जागा न्हवती, हे खरं हाय. काल तू मला पिंपात ओतू दिलं असतंस, तर मी खूश होऊन घरी गेलो असतो. आन आज हितं सगळ्यांसारखा रिकाम्या हातानं उभा असतो."

महिपती खाली बघायला लागला.

आप्पांनी पान काढलं. "ये, हात लाव. एकट्याला पेलत न्हाई आता."

गोदाक्कानं घागरीला हात लावला. दोघांनी मिळून ती कलती केली. पाणी काळ्या दगडावर पडलं आणि कोरलेल्या बैलांच्या पाठींवर शिंतोडे उडाले. ओतताना आपल्या घराचं नाव घ्यायचं ही रीत. सगळे 'सरनोबत' हे नाव ऐकायला थांबले होते. आप्पांनी घागर पार उपडी केली आणि मोठ्यानं म्हणाले, "वाकीवठार."

माणसांनी जोर लावून डोण धारेखाली सारली. धार आत पडायला लागली. गुरांना बोलवावं लागलं नाही.

खाली उतरताना गोदाक्कानं आप्पांना मडगार्डवर बसवून नेलं. दोघांच्याही माना उंच होत्या. पाझराच्या वळणावर शेजारच्या गावची दोन माणसं उभी होती. त्यांनी रिकाम्या ट्रॉलीकडं पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं आणि वाट करून दिली. हॉर्न वाजवायचा की नाही, हे गोदाक्कानं आप्पांना विचारलं. आप्पा म्हणाले, "वाजीव."

तेव्हापासून वाकीवठारच्या रीतीत एक बदल झाला. अजूनही गावकामाला घरटी घागर येते, आणि शेवटची सरनोबतांचीच असते. पण ती ओतत नाहीत. काम पुरं होईपर्यंत ती भरून, पळसाचं पान झाकून बाजूला ठेवतात. तिला कुठं जागा आहे ते काम झाल्यावर कळतं, असं तिथली माणसं म्हणतात. आणि हे पाहुण्यालाही सांगतात, त्यानं विचारलेलं नसलं तरी.

तात्पर्य: मान राखायचा म्हणून जागा नसताना कोंबू नये, आणि जागा असल्याचं सोंगही करू नये. खरेपणानं दिलेला नकार जो देऊ शकतो आणि जो पचवू शकतो, त्या दोघांचाही मान वाढतो.